वजन कमी करणारे इंजेक्शन ऑनलाइन मागवताय? आधी तीन नावे लिहून घ्या

मार्च २०२५ मध्ये इलाय लिली कंपनीचे 'मौंजारो' भारतात विक्रीला आले. जून २०२५ मध्ये नोवो नॉर्डिस्कचे 'वेगोवी' आले आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याच कंपनीचे 'ओझेम्पिक'. तिन्ही आठवड्यातून एकदा त्वचेखाली घ्यायची इंजेक्शने आहेत. मौंजारोमध्ये टिर्झेपटाइड हे औषध आहे, तर वेगोवी आणि ओझेम्पिकमध्ये सेमाग्लुटाइड. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच होती. त्यामुळे भारतीय कंपन्यांना हे औषध स्वतः बनवून स्वस्तात विकण्याचा मार्ग मोकळा झाला.

कालपर्यंत ही इंजेक्शने सिनेमातल्या लोकांची आणि श्रीमंतांची गोष्ट वाटत होती. आता किंमत जसजशी उतरेल, तसतशी त्यांची जाहिरात आपल्या मोबाइलवर वाढत जाईल. मीरा-भाईंदरमध्ये याची सुरुवात झालेली दिसते. नवघर, काशिमीरा, पेणकरपाडा या भागांत शिष्यवृत्ती, जात पडताळणी, रेशन कार्ड अशा कामांसाठी भेटणाऱ्या मुली हल्ली जाता जाता मोबाइल पुढे करतात आणि विचारतात, "ताई, या ॲपवरून घेऊ की त्या?"

मी डॉक्टर नाही. कोणी औषध घ्यावे आणि कोणी घेऊ नये, हे सांगण्याचा मला अधिकार नाही. पण कोणाकडून घ्यावे आणि कोणाकडून अजिबात घेऊ नये, हा ग्राहकाचा आणि कायद्याचा प्रश्न आहे. तो आपल्याला समजून घेता येतो. माझे म्हणणे एवढेच आहे: औषध लिहून देणारा डॉक्टर, औषध विकणारे दुकान आणि त्रास झाल्यावर जबाबदारी घेणारा माणूस, या तिघांची नावे तुम्हाला कागदावर लिहिता येत नसतील, तर तिथून औषध घेऊ नका. मग ते कितीही स्वस्त असो.

औषध नेमके काय करते?

आपण जेवतो तेव्हा आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. त्यामुळे मेंदूला पोट भरल्याचा निरोप जातो. ही औषधे तेच काम जास्त काळ करतात. भूक कमी लागते, पोट उशिरा रिकामे होते, माणूस कमी जेवतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत १,९६१ लोक होते. औषध घेणाऱ्यांचे वजन ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. टिर्झेपटाइडच्या २०२२ च्या चाचणीत सर्वात मोठ्या डोसवर ही घट सुमारे २१ टक्के होती. म्हणजे हे औषध काम करते. भोंदूगिरीच्या चूर्णांच्या पंगतीत त्याला बसवणे चूक ठरेल.

पण याच चाचणीचा पुढचा भाग जाहिरातीत नसतो. औषध बंद केल्यानंतर वर्षभरात लोकांचे कमी झालेल्या वजनापैकी साधारण दोन-तृतीयांश वजन परत आले. त्यामुळे 'तीन महिन्यांचा कोर्स, मग आयुष्यभर निश्चिंत' असे कोणी सांगत असेल, तर तो तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगतो आहे.

दुसरी गोष्ट, हे औषध सगळ्यांसाठी नाही. वजन कमी करण्यासाठी ते साधारणपणे बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त असलेल्यांसाठी, किंवा २७ च्या वर असून मधुमेह, रक्तदाब यांसारखा आजार जडलेल्यांसाठी मान्य झालेले आहे. १५५ सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा बीएमआय ३० होण्यासाठी वजन ७२ किलो लागते. त्याच उंचीची ६० किलोची मुलगी लग्नाआधी 'जरा बारीक व्हायचे' म्हणून ॲपवर फॉर्म भरते आणि दहा मिनिटांत प्रिस्क्रिप्शन मिळवते, तेव्हा तिचा उपचार होत नसतो. तिला फक्त माल विकला जात असतो.

विकणारे कोण कोण आहेत?

ऑनलाइन म्हटले की सगळे एकच वाटते. प्रत्यक्षात चार वेगवेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार औषधविक्रीच्या मोठ्या ॲपचा. टाटा वनएमजी, अपोलो २४/७, फार्मईझी ही नावे सगळ्यांना माहीत आहेत. इथे प्रिस्क्रिप्शन अपलोड करावे लागते. ॲप समोर दिसत असले तरी औषध देणारे परवानाधारक दुकान मागे असते आणि त्याचे नाव बिलावर असायला हवे.

दुसरा प्रकार 'वेट लॉस प्रोग्राम' विकणाऱ्या कंपन्यांचा. डॉक्टर, आहारतज्ज्ञ, रक्ततपासणी आणि इंजेक्शन असे सगळे एका मासिक पॅकेजमध्ये देतात. यातले काही व्यवस्थित काम करत असतील. पण ज्या कंपनीची कमाई इंजेक्शन विकले जाण्यावर आहे, तिच्याच पगारावरचा डॉक्टर 'तुम्हाला याची गरज नाही' असे किती जणांना सांगतो, हा प्रश्न विचारायला हवा.

तिसरा प्रकार आपल्या ओळखीच्या केमिस्टचा. तो व्हॉट्सॲपवर प्रिस्क्रिप्शन घेतो आणि घरपोच देतो. डॉक्टर आपण स्वतः निवडलेला असतो, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर असते.

चौथा प्रकार इन्स्टाग्राम, टेलिग्राम आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या विक्रेत्यांचा. 'इम्पोर्टेड', 'दुबईहून आणलेले', 'पेप्टाइड पावडर, घरी पाणी घालून तयार करा', 'पेन परवडत नसेल तर एका पेनातले दोन डोस घ्या'. या प्रकारात निवड करण्यासारखे काहीच नाही. इथून घेऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये बनावट सेमाग्लुटाइडबद्दल जगभर इशारा दिला होता. असा माल ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडला होता. तिथे होऊ शकते, तर भाईंदर स्टेशनबाहेर पार्सल घेऊन उभ्या राहणाऱ्या मुलाच्या पिशवीत काय असेल, याची खात्री कोण देणार?

वजन कमी करण्याच्या पावडरी आणि कॅप्सूल हा वेगळाच धंदा आहे. 'आयुर्वेदिक', 'नॅचरल ओझेम्पिक' अशी लेबले लावून त्या विकल्या जातात. भूक मारणारे सिब्युट्रामीन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे भारतात २०११ मध्ये बंद झाले. पण जगभरात 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या स्लिमिंग मालात ते लपवून मिसळलेले पुन्हा पुन्हा सापडले आहे.

कायदा काय म्हणतो?

औषधविक्री १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली चालते. परवान्याशिवाय औषध विकता येत नाही आणि प्रिस्क्रिप्शनचे औषध नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाही. ऑनलाइन औषधविक्रीसाठी केंद्र सरकारने ऑगस्ट २०१८ मध्ये नियमांचा मसुदा काढला, पण तो अंतिम झाला नाही. डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विनापरवाना ऑनलाइन विक्री थांबवण्याचा आदेश दिला. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी अनेक ऑनलाइन कंपन्यांना कारणे दाखवा नोटिसा पाठवल्या. म्हणजे ॲप मोठे आहे, जाहिरातीत नट आहे, एवढ्यावरून कायद्याचे सगळे प्रश्न सुटले आहेत असे समजू नये.

करोनाच्या काळात, मार्च २०२० मध्ये, परवानाधारक दुकानांना प्रिस्क्रिप्शन पाहून औषध घरपोच देण्याची मुभा मिळाली. तिच्यात एक अट होती: रुग्ण त्याच महसुली जिल्ह्यातला हवा. आपण ठाणे जिल्ह्यात येतो. चेकनाक्यापलीकडचे दहिसर मुंबई उपनगर जिल्ह्यात आहे. या अटीमागचा विचार साधा आहे. औषध देणारा जवळ असावा, म्हणजे त्याला जाब विचारता येतो.

फोनवरून किंवा व्हिडिओवरून तपासणीचे नियमही मार्च २०२० मध्येच आले. ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात ठेवावेत. डॉक्टरने आपले नाव आणि नोंदणी क्रमांक सांगितलाच पाहिजे. नव्या रुग्णाला साध्या औषधांपलीकडचे काही लिहून द्यायचे असेल, तर व्हिडिओवर बोलणे आवश्यक आहे. निदान न करता औषध लिहिणे हे गैरवर्तन आहे. संगणक प्रणालीला किंवा चॅटबॉटला औषध लिहून देण्याची परवानगी नाही. डॉक्टर प्रिस्क्रिप्शन थेट दुकानाकडे पाठवत असेल, तर तुमची संमती लागते आणि औषध हव्या त्या दुकानातून घेण्याचा हक्क तुमचाच राहतो. 'आमच्या डॉक्टरची चिठ्ठी आहे, औषध आमच्याकडूनच घ्यावे लागेल' असे कोणी म्हणत असेल, तर त्याला हे ऐकवा.

आणखी एक कायदा आहे, १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करता येत नाही, त्यांच्या यादीत लठ्ठपणाचे नाव आहे. हातात पेन धरून 'महिन्यात दहा किलो' सांगणारी रील पाहिली की हे आठवावे.

पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न

डॉक्टरचे पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक काय? महाराष्ट्रातला डॉक्टर असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर नाव तपासता येते. 'आमची मेडिकल टीम' हे नाव होत नाही.

डॉक्टरने मला काय विचारले? वजन-उंची, साखर, रक्तदाब तर हवेच. घरात कोणाला थायरॉइडचा कर्करोग होता का, स्वादुपिंडाला सूज किंवा पित्ताशयात खडे झाले होते का, मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू आहे, हे विचारले का? इन्सुलिन किंवा काही गोळ्यांसोबत हे औषध घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. स्त्रियांना गरोदरपणाबद्दल विचारलेच पाहिजे. गर्भधारणेच्या किमान दोन महिने आधी सेमाग्लुटाइड बंद करावे लागते, आणि टिर्झेपटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. नुकतेच लग्न झालेल्या मुलीला हे कोणी सांगितलेच नाही, तर तो डॉक्टर कसला?

सुरुवात किती डोसने? सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून आणि टिर्झेपटाइड २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात आणि चार-चार आठवड्यांनी गरजेप्रमाणे वाढवतात. 'लवकर गुण येईल' म्हणून पहिल्याच दिवशी मोठा डोस सुचवणारा माणूस तुम्हाला उलट्या-जुलाबात लोटतो आहे.

औषध थंड आले का? न उघडलेले इंजेक्शन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते आणि ते गोठू द्यायचे नसते. मे महिन्यात डिलिव्हरीच्या पोत्यात दिवसभर फिरलेले पार्सल हातात आले आणि आत थंड पॅक नसेल, तर ते परत करा. खोक्यावर बॅच क्रमांक, मुदत आणि कंपनीचे नाव पाहा. बिलावर दुकानाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक पाहा. बिल नाही, तर खरेदी नाही.

त्रास झाला तर कोणाला फोन करू? मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठता हे त्रास नेहमीचे आहेत. पण पोटात असह्य दुखून कळ पाठीत जात असेल, उलट्या थांबत नसतील, तर ॲपवर तक्रार टाकत बसू नका, थेट रुग्णालयात जा. भाईंदर पश्चिमेला पंडित भीमसेन जोशी रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८ आहे.

आणि एक पेन दोघींनी वापरू नका. पैसे वाचवायला बहिणी-मैत्रिणी असे करतात. सुई बदलली तरी एका पेनातून दुसऱ्याच्या शरीरात कावीळ किंवा एचआयव्हीचा संसर्ग जाऊ शकतो.

खर्चाचे गणित

बाजारात आले तेव्हा मौंजारोच्या २.५ मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ३,५०० रुपये होती आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५. म्हणजे पहिल्या महिन्याला १४,००० आणि पुढे महिन्याला १७,५००. वर्षाचे दोन लाखांच्या वर जातात, तपासण्या आणि डॉक्टरची फी वेगळी. वेगोवीचा सुरुवातीचा डोस महिन्याला १७,३४५ रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो १०,८५० पर्यंत उतरला. किमती अजून खाली जातील. तरीही ज्या घरात महिन्याला वीस-पंचवीस हजार येतात, तिथे हा हप्ता कोणाच्या तरी ताटातून किंवा फीमधून जाणार. म्हणून दर पाहताना पहिल्या महिन्याची सवलत पाहू नका. 'सहाव्या महिन्यात किती पडेल, मध्येच बंद केले तर पैसे परत मिळतात का, ईएमआय कोणाच्या नावावर आहे' हे लिहून मागा.

फोनवरच्या 'हेल्थ ॲडव्हायझर'बद्दलही सावध राहा. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर धाडी घातल्या, तेव्हा कर खात्याचे अधिकारी असल्याचे सांगून तिथून अमेरिकेतल्या लोकांना लुबाडले जात असल्याचे उघड झाले. सफाईदार इंग्रजी बोलणारा माणूस अधिकारी किंवा डॉक्टर असतोच असे नाही, हे आपल्या शहराला वेगळे सांगायला नको.

लाज विकली जाते तेव्हा

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशात २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष जास्त वजनाचे किंवा लठ्ठ आहेत. यामागे फक्त जिभेचे लाड नाहीत. पहाटेची लोकल, रात्रपाळी, बारा तास खुर्चीवर ड्युटी, स्टेशनबाहेरचा वडापाव, खेळायला मैदान नाही, बाईमाणसाने एकटीने चालायला जावे असा रस्ता नाही. समाजाने तयार केलेली ही परिस्थिती एकट्या मुलीच्या माथी मारली जाते आणि मग तिला उपाय विकला जातो.

यात आपलाही हात आहे. आपल्या वधू-वर परिचय मेळाव्यातल्या बायोडाटांमध्ये 'सडपातळ, गोरी' ही अपेक्षा अजून छापली जाते. जात नाकारणारे आपण मुलीचे शरीर मात्र मापून घेतो. त्या बायोडाटातली ही ओळ काढण्यासाठी कुठल्याही इंजेक्शनची गरज नाही.

उलट ज्यांना खरोखर आजार आहे, त्यांना औषध घेण्याची लाज वाटू नये. बाबासाहेबांना मधुमेह होता आणि त्यांना इन्सुलिन घ्यावे लागत असे. आजार ही चारित्र्यातली खोट नव्हे.

संयुत्त निकायात कोसलनरेश पसेनदीची गोष्ट आहे. तो भरपेट जेवून धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला हिणवले नाही. सजग राहून, प्रमाण ओळखून जेवणाऱ्याचा त्रास कमी होतो, अशा अर्थाची एक गाथा त्यांनी सांगितली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करून रोज जेवताना म्हणायला लावली. राजाचे जेवण हळूहळू कमी होत गेले आणि शरीर हलके झाले. या गोष्टीत उपदेशाइतकाच महत्त्वाचा आहे तो रोज शेजारी बसून आठवण करून देणारा माणूस. औषध चालू असो वा नसो, तो माणूस लागतोच.

विहारात काय करता येईल?

पहिले, रविवारच्या वंदनेनंतर महिन्यातून एकदा वजन, कंबर, रक्तदाब आणि साखर मोजण्याची सोय करा. तिशीनंतरच्या सर्वांची अशी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत होते. महापालिकेच्या आरोग्य केंद्राशी बोलून ती विहारात आणता येईल. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळ्या जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात, हेही तिथेच सांगा.

दुसरे, वस्तीतल्या डॉक्टर आणि फार्मसी झालेल्या मुला-मुलींची यादी करा. कोणाच्याही मोबाइलवर ऑफर आली की पैसे भरण्याआधी त्यांनी वरचे प्रश्न विचारून द्यावेत. भीमजयंतीच्या ग्रुपवर असा माल विकणाऱ्याला ग्रुपमधून काढा, मग तो कार्यकर्ता का असेना.

तिसरे, तक्रार करा. बनावट औषध किंवा चिठ्ठीशिवाय विक्री दिसली, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५ आहे. पैशांची फसवणूक झाली असेल तर सायबर हेल्पलाइन १९३०, आणि सेवा किंवा परताव्याचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खोके, बिल आणि चॅटचे स्क्रीनशॉट जपून ठेवा, त्याशिवाय तक्रार टिकत नाही.

तुम्हाला खरेच गरज वाटत असेल, तर आधी प्रत्यक्ष जाऊन एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट डॉक्टरांना भेटा, चिठ्ठी हातात घ्या आणि औषध जवळच्या परवानाधारक दुकानातून बिलासह घ्या. पुढच्या तपासण्या व्हिडिओवर केल्या तरी चालतील. ॲप निवडायचेच असेल, तर तिन्ही नावे कागदावर लिहून ती वस्तीतल्या एका जाणत्या माणसाला दाखवा आणि मगच पैसे भरा.

जय भीम.